तुलिबी मेले तो जुलै

आर्डिस आत्या निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायची, आणि एवढ्या वर्षांत तिनं एकाही मुलाला त्याच्या नावानं हाक मारली नाही. ज्याचं घर जिथं, तेच त्याचं नाव. "ए दलदल, खाली बस." "वरचा पूल, टोपी कुठाय तुझी? कान गळून पडल्यावर शाळेत काय ऐकणार?" मी तिची सख्खी भाची, पण बसमध्ये मीसुद्धा 'दगडी वळण'च होते. आज पन्नाशीला आले तरी गावातले काही जण मला त्याच नावानं ओळखतात.

स्टोनबोट तळ्याच्या काठी तिचं घर. रूबेन लेपिस्टोशी लग्न करून ती तिथं आली. पुढं रूबेन गेला, मुलगा डेल ड्युलुथ शहरात राहायला गेला, ही मात्र जागची हलली नाही. डेल सारखा म्हणायचा, "आई, चल की माझ्याकडं. खिडकीतून सगळं शहर दिसतं."

"शहर बघून काय करू? ते मला ओळखतं का?"

तिचं खरं वर्ष सुरू व्हायचं पानगळ संपता संपता. पाणी इतकं गार व्हायचं की जाळं ओढताना बोटांची लाकडं होत. तेव्हा तुलिबी अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, आणि तेव्हाच आम्हाला जाळं टाकायची मुभा असते, विकायला नाही, घरच्या खाण्यापुरती. तुलिबी म्हणजे वीतभराहून थोडा मोठा, चांदीसारखा चकचकीत, तेलकट मासा. बाहेरून गळ घेऊन येणारे त्याला नाक मुरडतात. फार काटे म्हणतात, आणि परत फेकून देतात. त्यांना हवे असतात याच तुलिबींवर पोसलेले मोठे मासे. आत्या असल्या लोकांना म्हणायची, "गाय हवी आणि गवताला नावं ठेवता?"

मीठ आणि काळपट साखरेच्या पाण्यात मासे मुरवून ती त्यांना अल्डरच्या लाकडाची धुरी द्यायची. तो वास रस्त्यावर पसरला की लोकांना अचानक तिच्याकडं कामं निघायची. कोणी उसनी करवत परत करायला येई, कोणी नुसतंच 'इकडून चाललो होतो' म्हणून. इकडून पुढं रस्ताच नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही. उरलेल्या माशांचं दूध-बटाटे घालून कालामोयाका नावाचं सार शिजे. आमच्या घरात ते जेवण ज्याला आवडलं नाही, त्याचं लग्न जमलं नाही.

त्या वर्षी तळ्यावरचा बर्फ फार लवकर गेला. एप्रिलच्या सुरुवातीलाच पाणी मोकळं झालं. आम्हाला बरंच वाटलं, होड्या लवकर बाहेर निघाल्या. जून तापला. जुलैत तर वारा मेल्यासारखाच झाला. धक्क्यावरचा झेंडा दिवसच्या दिवस काठीला चिकटून असायचा. रात्रीही उतार नाही. आत्या म्हणाली, "यंदा सौनाची वाफेची खोली तापवायचं लाकूड वाचलं. बाहेर बाकावर बसा, तेवढंच पुण्य." मुलं खुशीत होती. धक्क्यावरून उडी मारली तरी अंगावर काटा येत नव्हता, इतकं पाणी कोमट.

एका सकाळी तिचा फोन आला.

"मार्ला, ये."

"काय झालं?"

"ये म्हटलं ना."

आत्या फोनवर कधी एवढं थोडं बोलत नाही. मी तशीच पिकअप काढली. तिच्या वळणाशी येण्याआधीच वास आला. गाडी थांबवून खाली उतरले, घराला वळसा घालून काठाशी आले.

सगळा काठ पांढरा होता. पहिल्यांदा मला खरंच वाटलं, बर्फ. जुलैत बर्फ! मग त्या पांढऱ्यातून कुरव पक्षी उडाले, आणि मला पोटं दिसली. तुलिबींची पोटं. काठाच्या दगडांवर, धक्क्याच्या खांबांभोवती, लव्हाळ्यात, एकावर एक. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि त्यात सकाळचं आकाश रंगीत दिसत होतं. दूर पाण्यातही पांढरे ठिपके, नजर पोचेल तिथवर. एक गरुड खडकावर बसून होता. मी जवळून गेले तरी उडाला नाही. त्याला उडवतच नव्हतं, इतकं त्यानं पोट भरून खाल्लं होतं.

आत्या गुडघाभर पाण्यात उभी होती, रूबेनचे रबरी बूट घालून. तिच्या हातात एक मासा होता. ती त्याचे कल्ले उघडून बघत होती, बंद करत होती, परत उघडत होती.

"आत्या, बाहेर ये."

"हा केवढा आहे बघितलंस? एवढा मोठा तर कधी जाळ्यात नाही आला," ती म्हणाली. "एवढे होते खाली, मार्ला. एवढे होते, आणि मला माहीतच नव्हतं."

तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. रूबेन गेला तेव्हा ती रडली होती, ओरडली होती, दवाखान्यातल्या नर्सला बोलली होती. आज ती नुसती बघत होती. मग हळूहळू तिची नजर शेजारच्या धक्क्याकडं वळली, आणि मला कळलं आता काय होणार ते.

शेजारी डग्लस प्रेंटिसचं केबिन. हा दक्षिणेकडून, शहरातून आलेला. केबिनपासून पाण्यापर्यंत त्यानं हिरवळ लावली होती, गालिचा टाकावा तशी. आत्याला ती हिरवळ पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायची. ती दोन हातांत दोन मेलेले मासे घेऊन तरातरा निघाली. मी मागं.

"प्रेंटिस! बाहेर ये!"

तो बाहेरच होता. सपाता घालून, कॉफीचा कप हातात धरून, स्वतःच्या काठाकडं बघत. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजूबाजूच्या केबिनांतूनही लोक बाहेर आले होते.

"काय ओतलंस रे तळ्यात?"

"मी? मी काही नाही..."

"गेल्या आठवड्यात पाठीला डबा बांधून काय शिंपत होतास? अत्तर?"

"ते तणनाशक होतं, आर्डिस. गवतावर मारायचं. डब्यावर लिहिलंय तेवढंच मारलं."

"डब्यावर लिहिलंय! यांना वाचता येत होतं का डब्यावरचं?" आणि तिनं दोन्ही मासे त्याच्या पायाशी आपटले. एक त्याच्या सपातेवर पडला. तो मागं सरकला आणि कॉफी सांडली.

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. कोणी म्हणालं, याचं सांडपाणी कुठं जातं ते बघा. कोणी म्हणालं, मी त्याला कॅन उपडा करताना पाहिलंय. पाहिलं कोणी नव्हतं, पण त्या क्षणी ते सगळ्यांना खरं वाटलं. मलाही वाटलं. प्रेंटिसच्या बायकोनं आतून खिडकीचा पडदा ओढून घेतला. तो एकटाच उभा राहिला आणि "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला.

दुपारी मत्स्य खात्याची लोरना ड्युप्री आली. उंच, हडकुळी, उन्हानं नाक सोललेली बाई. ती ॲल्युमिनियमची होडी पाण्यात ढकलायला लागली, तोच आत्या आत चढून बसली.

"आजी, तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"आजी तुझ्या घरी. पुरावा तू गोळा कर, साक्षीला मी आहे. ही माझी भाची, तीपण येणार."

लोरनानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. आम्ही तिघी निघालो. होडीचं नाक मेलेल्या माशांतून वाट काढत होतं आणि पत्र्यावर त्यांचा मऊ थप-थप आवाज होत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तळ्याच्या खोल भागात लोरनानं नांगर टाकला. एका लांब वायरीला बांधलेलं यंत्र ती हळूहळू खाली सोडू लागली. दर थोड्या खोलीवर थांबायची, आकडे बघायची, काही बोलायची नाही. मग तिनं दोरीला बांधलेली एक नळीसारखी बाटली तळाशी सोडली, वर ओढली आणि तिच्यातलं पाणी एका भांड्यात ओतलं.

"हात घाला," ती आत्याला म्हणाली.

आत्यानं हात घातला आणि दचकून काढला. "हे तर बर्फासारखं आहे!" ती लोरनाकडं बघत राहिली. "एवढं गार पाणी खाली आहे? मग ते बिचारे खाली का नाही गेले?"

"आता वास घ्या."

आत्या वाकली. मीही वाकले. सडलेल्या अंड्याचा वास.

"खाली गारवा आहे, पण श्वास नाही," लोरना म्हणाली. "ऑक्सिजन संपलाय. वर श्वास आहे, पण तिथं पाणी इतकं तापलंय की तुलिबीला सोसत नाही. दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, गारही आणि हवाही असलेला. सगळा उन्हाळा हे मासे त्या पट्ट्यात काढतात. यंदा वरून ऊन खाली आलं, खालून बिनहवेचं पाणी वर आलं, आणि पट्टा राहिलाच नाही."

"पण खालची हवा गेली कुठं? इतकी वर्षं पुरत होती ना?"

"वरचं पाणी तापलं की ते खालच्यावर झाकणासारखं बसतं. मग वरची हवा खाली पोचत नाही. खाली जेवढी असते तेवढीच पुरवायची, पाणी परत थंड होऊन ढवळेपर्यंत. यंदा बर्फ लवकर गेला, म्हणजे झाकण लवकर बसलं. त्यात वारा नाही, रात्री गार नाहीत. उन्हाळेच लांबत चाललेत. दुसऱ्या तळ्यांवरूनही फोन येतायत मला."

आत्यानं भांड्यातलं पाणी तळ्यात ओतून दिलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे विष कोणी घातलं?"

"कोणी नाही."

"प्रेंटिसनं?"

"नाही. खतं, सांडपाणी यांनी तळाची हवा आणखी लवकर संपते हे खरं. पण ते सगळ्या काठाचं असतं. तुमच्यासकट."

"असं कसं गं?" आत्याचा आवाज चढला. "एवढे मेलेत आणि कोणी नाही? कोणीतरी असेल ना! एवढं सगळं मरतं आणि त्याला कोणी नसतं, असं असतं का कुठं?"

 लोरना वायर गुंडाळू लागली. आत्या स्वतःच्या ओल्या हाताकडं बघत बसली. प्रेंटिसनं विष घातलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे मला तेव्हा कळलं. माणसावर ओरडता येतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती घरात नव्हती. प्रेंटिसच्या काठावर दाताळं घेऊन मासे ओढत होती. तोही पलीकडं ओढत होता. दोघांच्या मधे ढीग, आणि दोघं एकमेकांकडं न बघता काम करतायत. धक्क्यावर कापडाखाली तिनं भाजलेला पुल्ला, वेलदोड्याचा गोड पाव, ठेवला होता. कधीतरी तिनं दाताळं टेकवलं.

"परवा... नाही, कालच. काल मी बोलले ते."

"जाऊ दे, आर्डिस."

"जाऊ कसं देऊ? सगळ्यांसमोर बोलले ना मी?" आणि काठाकडं तोंड करून, शाळेच्या बसमध्ये लावायची तो आवाज लावून ती ओरडली, "ऐका रे सगळे! प्रेंटिसनं काहीसुद्धा ओतलेलं नाही! मी चुकले! ज्यांना तो कॅन ओतताना दिसला होता, त्यांनी डोळे तपासून घ्या!"

लांब कुठंतरी कोणाचं तरी दाताळं थांबलं आणि परत सुरू झालं. प्रेंटिस हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू आलं. आत्या म्हणाली, "पुरे आता. पुल्ला खा. वासाकडं लक्ष देऊ नकोस."

मासे पुरायला आठवडा गेला. रस्त्यापलीकडं मोठा खड्डा खणला, तर अस्वलानं तो उकरला. परत पुरले, त्यानं परत उकरले. कुत्री त्यात लोळून यायची आणि घराघरांतून त्यांना शिव्या पडायच्या. ऑगस्टभर खिडक्या बंद ठेवल्या, त्या उकाड्यात.

शरदात मला वाटलं होतं ती जाळं काढणार नाही. पण पाणी गार झाल्यावर तिनंच फोन केला. आम्ही संध्याकाळी जाळं टाकलं, सकाळी ओढायला गेलो. मी वल्ही धरली, ती ओढत होती. जाळं वर येत होतं आणि रिकामं येत होतं. शेवाळ, एक फांदी, परत शेवाळ.

"जाळं फाटलंय का बघ."

"नाही फाटलेलं, आत्या."

"नीट बघ."

मी बघितलं. फाटलेलं नव्हतं. शेवटच्या टोकाला काहीतरी जड लागलं आणि ती भराभर ओढू लागली. वर आला तो रुंद तोंडाचा, हिरवट, जाडजूड मासा. आमच्या जाळ्यात हा कधी आलेला मी पाहिला नव्हता. तिनंही नाही.

धक्क्यावर प्रेंटिस उभा होता. त्यानं होडीत डोकावलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, बास मासा! आर्डिस, हा बास आहे! आमच्या तिकडच्या कोमट तळ्यांत असतो. काय झुंजतो गळाला! हा इथवर आला म्हणजे, चला, एवढी एक तरी चांगली बातमी."

आता आत्या त्याला सोलणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.  पण तिनं तो मासा सोडवला, प्रेंटिसच्या हातात दिला आणि जाळं गोळा करून घरात गेली. मी मागोमाग गेले तर ती स्वयंपाकघरात कोट न काढता उभी होती.

"त्याला आनंद झाला, मार्ला," ती म्हणाली. "टोमणा नव्हता मारत तो. त्याला खरंच आनंद झाला."

त्यानंतर स्टोनबोटवर तिनं जाळं टाकलं नाही.

टेकडीपलीकडं हॅना नावाचं दुसरं तळं आहे. लहान, पण फार खोल, आणि भोवती रूबेनच्या आजोबांपासूनचं पाइन-मेपलचं जंगल. ते आता आत्याच्या नावावर होतं. तिथं केबिनांचे तुकडे पाडून विकायचं डेलनं जवळजवळ ठरवलं होतं, आणि आत्यानंही "बघू" म्हटलं होतं. हिवाळ्यात लोरना एकदा कॉफीला आली, तेव्हा तिनं सांगितलं की जुलैत हॅनामधला एकही तुलिबी मेला नाही. तळं खोल, म्हणून गार पाण्याचा साठा मोठा. काठाला जंगल, म्हणून माती-खत वाहून येत नाही आणि तळाची हवा टिकते. जंगल तुटलं तर त्याचंही स्टोनबोट व्हायला वेळ लागणार नाही.

"आणि नाही तुटलं तर? मासे जगतील?" आत्यानं विचारलं.

"जास्त काळ जगतील."

"जास्त काळ. एवढंच?"

"एवढंच मी सांगू शकते."

आत्यानं जंगल कायद्यानं बांधून टाकायचं ठरवलं. ते तिचंच राहील, तिच्यामागं डेलचं, पण तोडता येणार नाही की तुकडे पाडता येणार नाहीत. डेलला बोलावून तिनं तोंडावर सांगितलं. मी तिथंच होते.

"माशांसाठी?" डेलला खरंच कळेना. "आई, माझ्या तोंडचा घास तू माशांना घालतेस?"

"तुझ्या तोंडाला घास कमी पडलेले दिसत नाहीत."

"चेष्टा नको करू. बाबांची जमीन आहे ती. बाबांनी मला दिली असती."

"बाबांनी तो काठ पाहिला नाही, डेल. तूही पाहिला नाहीस. मी त्यात उभी होते."

"तुला धक्का बसलाय. डॉक्टरला दाखवू या."

"बसलाय ना," आत्या शांतपणे म्हणाली. "बसायलाच हवा होता. तुला कसा नाही बसला, ते डॉक्टरला दाखव."

तो जेवणावरून उठून गेला. त्या नाताळात आला नाही, पुढच्याही नाही. आत्या त्याच्या जागी ताट मांडायची आणि शेवटी तसंच उचलून ठेवायची. मग एका मार्चमध्ये ती अंगणात बर्फावर घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. मी कळवलं तसा डेल त्याच दिवशी आला. महिनाभर राहिला, लाकडं फोडली, तिला धरून चालवलं. जंगलाचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही काढला नाही. जाताना तो मला म्हणाला, "मला अजून वाटतं की ती चुकली. पण भांडायला ती असायला पाहिजे ना."

आता ती ऐंशीच्या पुढं गेली आहे आणि काठी घेऊन चालते. उन्हाळ्यात हॅनाचा काठ बघून येणं माझ्याकडं आहे. गेल्या ऑगस्टमध्ये परत तसेच बिनवाऱ्याचे, तापलेले दिवस आले. मी टेकडी उतरून पाण्याशी गेले आणि झाडांच्या सावलीत, दगडांमधे मला पांढरं दिसलं. मेलेले तुलिबी. थोडेच होते, बोटांवर मोजता येतील इतके.  आत्याला काय सांगू, याचा विचार करत मी तिथंच बसून राहिले. शेवटी जाऊन सांगितलं.

ती खुर्चीचे हात घट्ट धरून ऐकत होती. "मोठे की लहान?"

"मोठे."

"लोरनाला बोलव."

लोरना आली. आम्ही दोघीच होडी घेऊन गेलो, कारण आत्याला आता चढता येत नाही. यंत्र खाली गेलं. मधला पट्टा होता. अरुंद, पण होता. मोठ्या माशांना गारवा जास्त लागतो, तेच आधी जातात, लहान अजून खाली असणार, असं लोरना म्हणाली. पुढचे काही दिवस कसे जातात, वारा सुटून पाणी ढवळतं की नाही, त्यावर सगळं आहे.

परत आलो तर आत्यानं खुर्ची दारात ओढून घेतली होती.

"पट्टा आहे," लोरना म्हणाली.

"केवढा?"

लोरनानं दोन्ही हात पसरून दाखवला, आणि मग थोडे जवळ आणले.

आत्या त्या हातांकडं बघत राहिली.  मग तिनं नाक पुसलं आणि ती म्हणाली, "मार्ला, या पोरीला काहीतरी खायला घाल. हाडं मोजता येतायत हिची."

तिसऱ्या दिवशी वारा सुटला.